तांब्यावरचा उजेड

इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राचा पेपर आला की कलाशिक्षकांच्या घरातली बरीचशी भांडी शाळेत येऊन पोचतात. पितळी तांब्या, चिनी मातीची बरणी, काचेचा पेला, स्टीलचं पातेलं. जोडीला दोन वांगी, एक लिंबू, मागे टांगायला एखादी गडद रंगाची साडी. स्टुलावर ड्रॉइंग बोर्ड आडवा ठेवून त्यावर हा संच मांडला जातो आणि मुलं त्याच्यापुढे अर्धगोलात बसतात. कुणाला बरणीचं अख्खं झाकण दिसतं, कुणाला पातेल्याचा नुसता काठ, तर डावीकडच्या टोकाला बसलेल्याला तांब्याआडचं लिंबू दिसतच नाही. त्यानं ते काढायचंही नसतं. जे दिसतं तेवढंच काढायचं, हा या पेपराचा पहिला नियम.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रात दरवर्षी लाखो मुलं बसतात. काही आवडीनं बसतात, काही दहावीच्या निकालात चार गुणांची भर पडावी म्हणून. कारण काहीही असो, त्यातून एक मोठी गोष्ट घडून गेली आहे आणि तिची दखल फारशी कुणी घेतलेली नाही. मराठी शाळांत शिकलेल्या असंख्य माणसांनी आयुष्यात एकदा तरी घरातलं भांडं समोर ठेवून ते जलरंगात रंगवलेलं आहे. चित्रकलेशी ज्यांचा पुढे काडीचा संबंध आला नाही, त्यांनीसुद्धा.

या सवयीची दुसरी बाजू अशी की वस्तुचित्र म्हणजे शाळकरी सराव, हा समज घट्ट बसला. मोठा चित्रकार घाट रंगवतो, देऊळ रंगवतो, माणसाचा चेहरा रंगवतो. तांब्या आणि बरणी ही त्या वाटेवरची पहिली पायरी, ती चढून गेलं की मागे वळून बघायचं कारण नाही. हा समज मुळातच चुकीचा आहे. जलरंगाची खरी कसोटी लागते ती घरातल्या भांड्यावर. डोंगराचा उतार थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. तांब्याचं तोंड जरा कललं तर घरातलं लहान पोरही बोट दाखवतं.

भांडी रंगवण्याची ही शिस्त आली कुठून, याचा माग मुंबईमार्गे थेट लंडनपर्यंत जातो. १८५३ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच सुमारास इंग्लंडात हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी सरकारी कलाशाळांसाठी २३ टप्प्यांचा अभ्यासक्रम आखला होता. साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणून तो पुढे ओळखला गेला. आधी सरळ आणि वक्र रेषा, मग घन, शंकू, दंडगोल, मग छायाभेद, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर रंगात वस्तू. कारखान्यांना नेटके नक्षीकार आणि रेखनकार मिळावेत हा त्यामागचा हेतू. जे. जे.मध्ये हीच पद्धत रुजली आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या ड्रॉइंग मास्तरांबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत पोचली. विलायती संचातला जग आणि किटली मात्र वाटेत गळून पडली. त्यांच्या जागी तांब्या, कळशी, समई आणि बरणी आली, ती आजतागायत आहेत.

त्या शिस्तीनं जे दिलं ते थोडं नाही. तांब्यात किमान तीन लंबवर्तुळं असतात: तोंडाचं, पोटाच्या सर्वांत फुगीर भागाचं आणि बुडाचं. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तोंडाचं लंबवर्तुळ चपटं दिसतं, पोटाचं त्याहून उघडं आणि बुडाचं सगळ्यांत गोलाकार, कारण ते नजरेच्या सर्वांत खाली असतं. शिकाऊ हात नेमका इथेच चुकतो. टेबल सपाट आहे हे मनाला ठाऊक असतं, म्हणून बुडाची रेघ सरळ ओढली जाते आणि तांब्या मधोमध कापून कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. बूड गोल दिसतंय हे डोळा सांगतो, सपाट आहे हे डोकं सांगतं. त्या वेळी डोळ्याचं ऐकायला शिकवणं हे ड्रॉइंग मास्तरांचं आयुष्यभराचं काम. ज्यांनी ते नेटानं केलं, त्यांचे उपकार मोठे आहेत.

रंग लागायला लागले की मात्र गाडी घसरते.

जलरंग म्हणजे बारीक कुटलेलं रंगद्रव्य आणि डिंक. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या आफ्रिकी झाडांचा. पाणी उडून गेलं की कागदावर रंगाचा पातळ, पारदर्शक थर उरतो. उजेड त्या थरातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो. चांगल्या जलरंगचित्राला आतून उजळल्याचा जो भास असतो, तो असा येतो. इथे पांढरा रंग म्हणजे कागदच. तैलरंगात सगळं चित्र पुरं करून शेवटी भांड्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवला की चकाकी आली. जलरंगात तो ठिपका ब्रश ओला करण्याआधी ठरवावा लागतो आणि शेवटपर्यंत राखावा लागतो. म्हणजे चित्रातली सर्वांत उजळ जागा ही चित्रकारानं हात न लावलेली जागा असते. विन्सर अँड न्यूटन कंपनीनं १८३४ मध्ये जस्ताचा अपारदर्शक पांढरा रंग बाजारात आणला आणि पुष्कळांची सोय झाली. तरीही त्या रंगाचा ठिपका आणि राखलेला कागद शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो. एक कागदावर बसलेला असतो, दुसरा कागदातून येत असतो.

शाळेत हे शिकवलं जात नाही असं म्हणणं अन्याय्य ठरेल. शिकवलं जातं, पण मुलांच्या हातातला कागद ते करू देत नाही. जलरंगाचा चांगला कागद कापसाच्या धाग्यांचा असतो, निदान ३०० ग्रॅम वजनाचा, आणि त्याला जिलेटिनची किंवा तत्सम खळ दिलेली असते. खळीमुळे पाणी लगेच आत शिरत नाही, रंग पृष्ठभागावर काही वेळ ओला राहतो आणि तेवढ्यात दुसरा रंग त्यात सोडून दोन्ही एकमेकांत मिसळू देता येतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कार्ट्रिज कागदाला हे जमत नाही. तो पाणी पिऊन टाकतो, फुगतो, आणि तिसऱ्यांदा ब्रश फिरला की त्याचे तंतू सुटून वर येतात. रंगाचा चिखल होतो. मुलाला वाटतं आपला हातच वाईट. पुष्कळ शिक्षक मग पोस्टर रंगांकडे वळतात, कारण त्यात चूक झाकता येते. पोस्टर रंगांनाही स्वतःचं सौंदर्य आहे, पण ते काम वेगळं. त्यातून जलरंगाची समज येत नाही. वास्तविक चांगला कागद आपल्याकडे बनतच नाही असं नव्हे. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून कापडाच्या चिंध्यांपासून कागद करत आली आहे. रंगांचीही उणीव नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिननं पुढे चित्रकलेच्या साहित्यात हात घातला आणि उंटाचं चित्र असलेल्या रंगांच्या डब्या महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दप्तरांत पोचल्या. डबीपेक्षा कागदावर दोन पैसे जास्त खर्च करावेत, एवढी साधी गोष्ट पालकांच्या कानावर घालायला हवी. रंग विद्यार्थ्यांचे असले तरी चालतील, कागद चांगला हवा.

दुसरी अडचण कागदाहून मोठी आहे. ती म्हणजे ठरीव कृती. पितळ रंगवायचं तर आधी पिवळा, मग यलो ऑकर, कडेला बर्न्ट सायना, सावलीत सेपिया. तांबं असेल तर बर्न्ट सायनात थोडा क्रिमसन. स्टील म्हणजे काळा पातळ करून. क्लासमध्ये ही कृती पाठ करून घेतली जाते आणि परीक्षेत मुलं समोरच्या तांब्याकडे न बघता पाठ केलेला तांब्या रंगवतात. अशा चित्रांत तांब्या खिडकीपाशी ठेवलेला आहे की बल्बखाली, शेजारी लाल साडी आहे की हिरवी वांगी, यानं काहीच फरक पडत नाही. जे दिसतं तेच काढायचं हा पहिला नियम पेन्सिलीपुरता पाळला जातो आणि रंग आले की सुटतो.

म्हणून एक पितळी तांब्या नीट बघू. खोलीत एकच खिडकी डावीकडे, बाकीचे दिवे बंद. घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या निळ्या कापडावर ठेवला आहे. तांब्याचं पोट हा फुगीर आरसा असतो, त्यामुळे सगळी खोली आकसून त्यात मावते. डावीकडे खिडकीचा वाकलेला उभा चौकोन, त्यातल्या गजांच्या बारीक रेघांसकट. तिच्या अगदी लगत एक गडद, जवळपास काळा पट्टा दिसतो, तो खिडकीशेजारच्या अंधाऱ्या भिंतीचा. पितळेवर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद रंग असे एकमेकांना चिकटून येतात. मातीच्या माठावर ते कधीच तसे येत नाहीत, तिथे उजेडाकडून सावलीकडे सावकाश जावं लागतं. पोटाच्या मध्यावर मंद सोनेरी भाग, त्यात एक उभा काळसर ठिपका: तो समोर बसलेला चित्रकार स्वतः. खालच्या अर्ध्या भागात निळं कापड उतरलेलं असतं, पण पिवळ्या धातूतून परतताना त्याचं निळेपण मरून हिरवट राखाडी झालेलं. उजव्या कडेला, सावलीच्याही पलीकडे, काठाला लागून एक पुसट उजळ रेघ असते. समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड तो. ती रेघ सुटली तर तांब्याची गोलाई संपते. आणि टेबलावरच्या पडछायेशेजारी पितळेवरून उसळलेल्या उजेडाचा एक पिवळसर कवडसा पडलेला असतो, जो हजारात एखादं मूल रंगवतं.

पाठ केलेल्या कृतीत यातलं काहीच नसतं.

काम करायचं ते असं. खिडकीची जागा कोरी सोडून सगळ्या तांब्यावर फिकट पिवळ्याचा पातळ हात फिरवायचा. तो ओला असतानाच कडांना यलो ऑकर आणि बर्न्ट सायना सोडायचे, त्यांना हवं तसं पसरू द्यायचं. मग थांबायचं. पूर्ण वाळेपर्यंत थांबणं हे जलरंगातलं सगळ्यांत अवघड काम. वाळल्यावर रंग फिका पडतो, हे धरूनच तो आधी थोडा चढा लावायचा. गडद पट्टे शेवटी, आणि तेही एकाच हातात: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना घट्ट मिसळून, भरल्या ब्रशनं, एका बाजूला धारदार कड ठेवून दुसरी बाजू स्वच्छ ओल्या ब्रशनं मऊ करायची. त्या पट्ट्यावर पुन्हा ब्रश नेला की खालचा पिवळा ढवळून वर येतो आणि धातूचा दगड होतो. पितळ चमकतं ते पिवळ्या रंगामुळे कमी आणि या काळ्या पट्ट्याच्या ठाम कडेमुळे जास्त.

धातूची चकाकी आणि बरणीची चकाकी यांतही भेद आहे, तो चांगल्या चांगल्या चित्रकारांच्या नजरेतून निसटतो. चिनी मातीच्या बरणीवर काचेसारखा ग्लेझचा थर असतो. त्यावरून परतणाऱ्या उजेडाला बरणीचा रंग लागत नाही. लोणच्याची बरणी वरून तपकिरी असली तरी तिच्यावरचा ठिपका खिडकीच्याच रंगाचा, पांढरा किंवा निळसर दिसतो. तांब्याच्या धातूचं तसं नाही. तांबं उजेडातला निळा-हिरवा भाग शोषून घेतं आणि तांबूस-नारिंगी भाग परत पाठवतं, त्यामुळे त्याची चकाकीही तांबूस असते. अगदी मधल्या झगझगीत टिंबापुरता कागद कोरा चालतो, त्याच्याभोवतीचा उजेड मात्र केशरी हवा. तांब्याच्या घंगाळावर मोठा पांढरा पट्टा सोडला की ते प्लास्टिकचं दिसू लागतं. कल्हई केलेलं भांडं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवतं: बाहेर तांबं, आत कथलाचा रुपेरी थर. आतल्या रुपेरीवर समोरच्या काठाची तांबूस झाक पडते. ज्यानं दारावर आलेल्या कल्हईवाल्याला नवसागराच्या धुरात भांडं फिरवताना पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे सगळं फार जवळून बघता येतं. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांची ही वस्ती. हंडे, बंब, घंगाळं यांच्यावर ते मठारकाम करतात, म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे ओळीनं, सारख्या अंतरावर ठोके. प्रत्येक ठोक्यानं पत्रा तिथे घट्ट होतो आणि भांडं टिकाऊ होतं. वर देखणेपणही येतं. चित्रकारासाठी मठारलेलं घंगाळ हा अवघड आणि विलक्षण विषय आहे. प्रत्येक ठोक्याची खोलगट खूण हा एक छोटा आरसा, प्रत्येकात खिडकी वेगळ्या जागी उमटलेली. खुणा मोजत बसणारा चित्रकार तासाभरात हरतो. जमतं ते असं: घंगाळ आधी गुळगुळीत असल्यासारखं उजेड-सावलीत पुरं करायचं, मग जिथे उजेड सावलीला भेटतो त्या अरुंद पट्ट्यातच ठोके स्पष्ट दाखवायचे. उजळ भागात ते विरघळू द्यायचे, गडद भागात बुडू द्यायचे. डोळाही तेवढंच बघत असतो.

घरगुती वस्तू आणि जलरंग यांचं मराठी चित्रकाराच्या हातून झालेलं सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र महाराष्ट्रात नाही. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. हाती दिवा घेतलेली स्त्री, एका हातानं ज्योतीला आडोसा धरलेला, बोटांच्या फटींतून लालसर झालेला उजेड चेहऱ्यावर आणि साडीवर चढत गेलेला. अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. दोन्ही चूक. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२, शिक्षण जे. जे.मध्ये. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास केलं आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली. या चित्राची कल्पना एका दिवाळीत सुचल्याचं त्यांच्या घरात सांगितलं जाई.

या चित्राच्या तंत्राबद्दल जितकं बोललं जावं तितकं बोललं गेलेलं नाही. जलरंगात दिवा रंगवायचा म्हणजे दिव्याला सोडून सगळं रंगवायचं. कागदाहून उजळ काही मिळणार नाही, तेव्हा कागद उजळ वाटावा एवढा अंधार आजूबाजूला उभा करणं हाच एक मार्ग. आणि मोठ्या कागदावर, डाग न पडता, कडा न उमटता तो अंधार चढवणं ही गोष्ट वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय होत नाही. हळदणकरांनी त्यातही ज्योत हातामागे ठेवली. उजेडाचं मूळ न दाखवता तो जिथे जिथे पोचला त्या जागा दाखवल्या: बोटांच्या कडा, गाल, साडीचा काठ. त्यामुळे नजर मूळ उजेड शोधत राहते. पितळेच्या तांब्यावर कोऱ्या कागदाचा एक चौकोन राखायला शिकलेल्या मुलानं हे चित्र पाहावं. त्यानं केलेली गोष्ट आणि हळदणकरांनी केलेली गोष्ट एकाच जातीची आहे.

युरोपातल्या काही मोठ्या चित्रकारांनी या विषयाला कधी कमी लेखलं नाही. पॉल सेझान शेवटच्या वर्षांत फ्रान्समधल्या एक्स गावाबाहेरच्या ल लोव्ह टेकडीवर नव्यानं बांधलेल्या स्टुडिओत काम करत असे, आणि तिथल्या त्याच्या बरण्या, बाटल्या, भांडी आजही पाहायला ठेवलेली आहेत. १९०० ते १९०६ या काळातलं त्याचं 'निळं भांडं' हे जलरंगचित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. स्वयंपाकघरातलं एक निळं भांडं, पांढरा जग, सफरचंदं आणि मागे चुरगळलेलं नक्षीदार कापड. सुमारे ४८ बाय ६३ सेंटिमीटरचा कागद, म्हणजे जलरंगाच्या मानानं भव्य. सफरचंदांच्या फुगवट्यावर आणि जगाच्या पोटावर नुसता कागद ठेवलेला, आणि त्याच्या कडेनं निळ्या, लाल, पिवळ्या पातळ थरांची एकावर एक चढत गेलेली रास. पेन्सिलीच्या रेघा लपवायचीही त्याला गरज वाटली नाही. इटलीत बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदीनं (१८९० ते १९६४) तर अख्खं आयुष्य त्याच त्याच बाटल्या आणि डबे रंगवण्यात घालवलं. चकाकी नजरेच्या आड येते म्हणून तो काही बाटल्यांना आतून रंग देई आणि त्यांच्यावर धूळ बसू देई. शेवटच्या वर्षांतल्या त्याच्या जलरंगचित्रांत बाटली आणि तिच्यामागची पोकळी यांत कुठली भरलेली आणि कुठली रिकामी, हे ठरवायला बघणाऱ्याला थांबावं लागतं. आपल्याकडे प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, पेटी अशा साध्या वस्तूंवर जेवढा विचार केला, तेवढा क्वचितच कुणी केला असेल. त्यांचं मुख्य माध्यम इनॅमल होतं, तरी 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक जलरंगात काम करणाऱ्यानंही वाचावं असं आहे. वस्तू आणि तिच्याभोवतीची रिकामी जागा यांच्या नात्याबद्दल मराठीत इतकं बारकाईनं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

भांडी रंगवण्यामागे आता आणखी एक निकड आहे. परीक्षेच्या स्टुलावर मांडला जाणारा पितळी तांब्या घराघरांतून उठला. बंब गेला, रोवळी गेली, पाटा-वरवंटा इमारतीच्या जिन्याखाली पडून राहिला. कवी अज्ञातवासी म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं पुण्यात संग्रहालय उभं केलं. १९७५ मध्ये त्यांनी ते राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात राजेरजवाड्यांच्या ऐवजांपेक्षा माजघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू जास्त जीव लावतात: दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या. जलरंगाच्या विद्यार्थ्यासाठी हा खजिना आहे. अडकित्त्याला घोड्याचा किंवा मोराचा आकार देणारा कारागीर आणि तो आकार दोन रंगांत पकडणारा चित्रकार यांची भेट अशाच ठिकाणी व्हायची.

पण केवळ जुनं तेवढंच रंगवावं, हा आग्रह बरोबर नाही. सेझानचं निळं भांडं त्याच्या काळात स्वयंपाकघरातलं साधं भांडंच होतं. आजच्या ओट्यावर स्टीलचा डबा, मिक्सरचं भांडं, कुकर, प्लास्टिकचा मग असतो, आणि यातली प्रत्येक वस्तू रंगवायला पितळेइतकीच कठीण आहे. स्टीलला स्वतःचा म्हणावा असा रंग जवळपास नसतोच; शेजारच्या टोमॅटोचा लाल, ओट्याच्या ग्रॅनाइटचा काळा, खिडकीतल्या आभाळाचा निळा असं जे येईल ते स्टील घेतं. त्याचा करडा रंग काळ्यात पाणी घालून मिळत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना कमीजास्त प्रमाणात मिसळले की कधी थंड, कधी उबदार करडा मिळतो, शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून त्या करड्याला हलका रवाळ पोत देतात. अॅल्युमिनियमचा कुकर याच्या उलट. वर्षानुवर्षं घासून त्याच्या अंगावर बारीक चरे पडलेले असतात, उजेड त्यांवरून विखुरतो आणि चकाकीऐवजी एक मंद, पसरट उजळपणा उरतो. तिथे कड धारदार ठेवली की चूक. कुकरवर सुका ब्रश कागदावरून हलकेच ओढावा, खरखरीत कागदाचे उंचवटे तेवढे रंगतात आणि चरे आपोआप उमटतात. मिक्सरचं भांडं आणि काचेचा पेला यांच्या बाबतीत काच रंगवायचीच नसते. तिच्यामागची वस्तू जिथे मोडलेली, सरकलेली दिसते ती जागा अचूक पकडली की काच आपोआप येते.

अशी चित्रं केली तर ती टिकवणंही आलं. विद्यार्थ्यांच्या पेटीतले काही गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात काही वर्षांत उडून जातात. मातीपासून केलेले ऑकर, सायना, अंबर हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. जगभरची संग्रहालयं जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्सच्या आसपासच उजेड पडू देतात, ते रंग उडू नयेत याचसाठी. घरी एवढं मोजमाप शक्य नसलं तरी चित्र खिडकीसमोर किंवा गॅसच्या शेगडीजवळच्या भिंतीवर लावू नये. फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नये, मध्ये माउंटचं अंतर ठेवायला सांगावं, आणि माउंट आम्लमुक्त बोर्डाचं घ्यावं, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडेनं तपकिरी पट्टी उमटते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यातल्या ओलीनं डिंकावर बुरशी धरते. दसऱ्याच्या सुमारास फ्रेम भिंतीवरून उतरवून मागची बाजू पाहून घ्यावी, ओल दिसली तर चित्र बाहेर काढून दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावं.